शंभर टक्के भरलेलं ऑफिस

आधी हातातला चहा संपवा बरं. ऐकता ऐकता ठसका लागला तर पुन्हा माझ्याच नावानं खडे फोडाल. फजिती होणं मला काही नवीन नाही, पण ही जी झाली ना, तिच्यानंतर आजही मी आमच्या आखाडा बाळापूरच्या बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले की बायका एकमेकींना कोपरानं ढोसतात. मी मोबाइलमध्ये डोकं घालते. दुसरं काय करणार!

मी पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. दवाखान्यांची बिलं करायचं सॉफ्टवेअर असतं, त्यातल्या चुका हुडकायच्या, हे माझं काम. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो मला! एवढं ध्यानात ठेवा, पुढं हसायला उपयोगी पडेल.

लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप काखोटीला मारून गावी आले आणि इथंच रुळले. नवऱ्याचं इथं मेडिकल, लेक पिहू शाळेत जायला लागलेली, सगळं कसं छान बसलं होतं. आणि एक दिवस कंपनीचा फतवा आला. आता म्हणे हायब्रिड. आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात, दोन दिवस घरी.

आता तुम्हीच सांगा, तीन दिवस पुणे आणि दोन दिवस बाळापूर कसं जमायचं? मधल्या वेळात मी काय गाडीतच राहायचं? म्हणजे पुण्यात खोली करून राहणं आलं आणि लेकीला पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाहणं आलं. पिहूनं विचारलं, “मम्मी, तू गेल्यावर माझी वेणी कोन घालन?” नवऱ्यानं प्रयत्न करून बघितला. ती वेणी बघून मला खरंच रडू आलं. खोटं कशाला सांगू, दोन दिवस घास उतरला नाही.

मग ऑनलाइन मीटिंगमध्ये मी हात वर केला. “मॅडम, हिंगोली जिल्ह्यातले आम्ही नऊजण आहोत. आम्हाला इथंच एक छोटं ऑफिस करून द्या, तीन दिवस तिथं जाऊ.”

नेहा मॅडम म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वरच्या साहेब. त्यांनी आधी नऊचा आकडा वहीत टिपून घेतला. मग म्हणाल्या, “ठीक आहे शीतल. जागा तूच बघ, मांडणीही तूच कर. सहा महिने पाहू. लोक येतात असं दिसलं तर ऑफिस राहील. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर नऊच्या नऊ जणांनी पुण्याला यायचं.”

मांडणी तूच कर! बस्स, एवढ्या तीन शब्दांनी माझ्या डोक्यात हवा गेली. मी मोबाइलवर ऑफिसांचे व्हिडिओ बघायला लागले. भाजी फोडणीला टाकता टाकता मी ‘नैसर्गिक प्रकाश’ असं काहीतरी पुटपुटायची आणि नवरा विचारायचा, “मीठ टाकलं का?”

जागा मिळाली ती खताच्या दुकानाचं जुनं गोदाम. लांबलचक, रस्त्याला लागून, आणि बसस्टॉपच्या बरोब्बर समोर. नवरा म्हणाला, “शीतल, समोर स्टॉप हाय. दिवसभर कालवा राहील. दुसरं काही पाह्य ना.”

“अहो, तुम्ही औषधं विका,” मी म्हटलं. “रस्त्याकडून केवढा उजेड येतो बघा तरी!”

मी रस्त्याकडची भिंत फोडून ओळीनं मोठ्या खिडक्या काढल्या. थंड पाण्याचा जार आला, हत्तीएवढा कूलर आला. उभं राहून काम करणाऱ्यांसाठी एक उंच कट्टा बांधला. फोनवर बोलायला कोपऱ्यात एक काचेची खोली केली, तिला आतून पडदा लावला. आणि सगळ्यात आधुनिक गोष्ट म्हणजे नऊ माणसांना खुर्च्या घेतल्या सहाच! काहून? तर हायब्रिडमध्ये सगळे एका दिवशी येतच नसतात. आणि कुणाचीही खुर्ची ठरलेली नसते. जो येईल त्यानं मिळेल तिथं बसायचं. व्हिडिओतला परदेशी माणूस सांगत होता की यानं माणसं मोकळी होतात.

त्या परदेशी माणसानं आमच्याकडची एसटी बघितलेली नव्हती.

पहिल्याच दिवशी कळमनुरीचा आमचा दिगंबर मोटरसायकलवरून आला. गाडी रस्त्यातच थांबवली, गळ्यातलं उपरणं काढलं, खिडकीतून हात घालून कूलरसमोरच्या खुर्चीवर टाकलं, आणि शेजारच्या गंगाधर मामांच्या टपरीवर चहाला निघून गेला. आत पाऊलसुद्धा टाकलं नाही!

मागून हिंगोलीची फरजाना आली. तीन किलोमीटर लांबून चालत आल्यासारखी घामाघूम. कूलरसमोर उपरणं बघून तिनं विचारलं, “ये किसका है?”

“दिगंबरचं आहे,” मी म्हटलं. “उचल आणि बस. इथं कुणाची जागा ठरलेली नसते.”

“अरे ऐसे कैसे उठाऊँ? उसने डाला है ना!”

तुमच्या लक्षात येतंय का? आमच्या भागात खिडकीतून टाकलेला रुमाल म्हणजे रजिस्ट्री झालेली जमीन. तो उचलायची छाती कुणाची होत नाही. आठवड्याभरात खुर्च्यांवर टोप्या पडायला लागल्या, डबे पडायला लागले, हेल्मेट आलं. एकदा तर एक चप्पल होती. एकच! दुसरी घालून तो माणूस कुठं गेला होता देव जाणे.

मग भांडणं. “मी आधी टाकला!” “तुझा खाली पडला व्हता!” “पडला म्हणून काय झालं, पडला त खुर्चीच्या बाजूलाच ना!” एक दिवस मी ऑफिसात शिरले तर सहाही खुर्च्या भरलेल्या, रुमालांनी. आणि माणूस एक नाही. आठच्या आठ जण टपरीवर. मलाच बसायला जागा नव्हती, मी कट्ट्यापाशी उभी राहून काम केलं. पाय भरून आले हो.

पण चुका हुडकणारी बाई आहे मी, अशी हरते काय? मी दोन उपाय काढले. दोन्ही माझेच, हे आवर्जून सांगते, कारण पुढं दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नाही.

पहिला उपाय म्हणजे खुर्चीखाली बसवायची एक डबी. रुमालाला वजन नसतं, माणसाला असतं. माणूस बसला की डबीला कळतं आणि मोबाइलच्या ॲपवर ती खुर्ची लाल होते. उठला की हिरवी. घरबसल्या सगळ्यांना दिसतं जागा आहे की नाही, आणि तिकडं पुण्यात मॅडमनाही दिसतं. मॅडम खूश झाल्या. “वा शीतल, किती विचार केलायस!” असं म्हणाल्या.

दुसरा उपाय पाटीचा. पाटी लावायची तर कुठं? रुमाल येतात बाहेरून. मग टाकणाऱ्याला दिसायला पाटी बाहेरच नको का? मी रस्त्याकडच्या भिंतीवर, खिडक्यांच्या खाली, पेंटरकडून हातभर अक्षरांत रंगवून घेतलं:

‘येथे कोणाचीही जागा ठरलेली नाही. जी खुर्ची मोकळी दिसेल तेथे बसावे. रुमाल टाकून जागा धरू नये. हुकमावरून.’

‘हुकमावरून’ मीच घातलं. त्याशिवाय वजन येत नाही. कंपनीचं नाव मात्र मुद्दाम नाही घातलं. म्हटलं, आपल्याच माणसांसाठी आहे, त्यांना माहीतच आहे कंपनी कोणती.

हसताय? थांबा जरा.

तेवढ्यात मे महिना लागला. पिहूला सुट्टी. घरी तिला सांभाळायला कुणी नाही. नियमानं मी तीन दिवस ऑफिसात जायला हवं, पण पहिल्या दिवशी सकाळी ॲप उघडलं तर सहाही खुर्च्या लाल! भरलेल्या! मी म्हटलं, अरे वा, जागाच नाही तर जाऊन काय करायचं? घरीच बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. तिसऱ्या दिवशीही तेच. मनातून थोडी लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान वाटला. काय ऑफिस केलंय मी, लोक उठायलाच तयार नाहीत!

ऑफिसची किल्ली गंगाधर मामांकडे असायची. सकाळी तेच दार उघडायचे, जार भरून घ्यायचे, कूलर लावायचे, संध्याकाळी बंद करायचे. मी त्यांना फोन लावला.

“जय भीम मामा. माणसं येतात ना ऑफिसात?”

“जय भीम ताई. येतेत म्हंजे? मावंनात! बसायला जागा पुरंना, उभ्यानं थांबतेत.”

उभ्यानं! माझा उंच कट्टा! मला भरूनच आलं. “मामा, कुणाला काही तकलीफ तर नाही ना?”

“न्हाई न्हाई. लोकं तुमचं नाव काढून राहिले. एवढ्या उन्हाचं कोण करतंय हो दुसऱ्यासाठी! माझाबी चहा चांगला खपून राहिला.”

त्या दिवशी मी नवऱ्याला दोनदा ऐकवलं, “स्टॉपसमोर जागा नको म्हणत होता ना?”

ऑनलाइन मीटिंगमध्ये तर मला स्वर्ग दोन बोटं उरायचा. मी ऑफिसचा एक सुंदर फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता, खिडकी, खिडकीत कुंडी, मागं कूलर. दिगंबर मीटिंगला आला की त्याच्या मागं ती खिडकी. फरजानाच्या मागं तीच खिडकी, तीच कुंडी. आठच्या आठ जण त्याच कुंडीपुढं! आणि मला काय वाटावं? वाटलं, माझ्या हातची खिडकी सगळ्यांना किती आवडून गेली बघा! मी स्वतः तोच फोटो मागं लावून स्वयंपाकघरात बसले होते, तरी माझी ट्यूब पेटली नाही. एकदा दिगंबरच्या मागच्या कुंडीतून म्हैस हंबरली. मी म्हटलं, रस्त्यावरून चालली असेल.

पुण्यात आमचा डंका वाजायला लागला. कंपनीची अशी छोटी ऑफिसं आणखी चार-पाच गावांत होती. तिथं खुर्च्या निम्म्या रिकाम्या आणि आमच्या शंभर टक्के भरलेल्या. सुट्टीच्या दिवशीसुद्धा! बाजाराच्या दिवशी तर एकाच खुर्चीवर दोन माणसांचं वजन दाखवायचं. मॅडमनी विचारलं तर मी म्हणाले, “मॅडम, एकमेकांना शिकवत असतील.”

मग मला सगळ्या कंपनीपुढं बोलायला लावलं. मी काय बोलले माहितीये? म्हणाले, “जागा अशी करा की माणसाला घरून उठून यावंसं वाटलं पाहिजे.” कुठून बोलले? घरून. मांडीवर पिहू होती.

आणि मॅडमचा मेसेज आला. ‘शीतल, मंगळवारी येते. तुझं ऑफिस बघूनच कायमचा निर्णय घेऊ. मला खात्री आहे!’

मंगळवार. म्हणजे बाजाराचा दिवस. पण माझ्या डोक्यात आलं नाही. मी फक्त सगळ्यांना फोन केले. “उद्या मॅडम येणार आहेत. नेहमीसारखे वेळेवर या.”

दिगंबर म्हणाला, “ताई, मी तर रोजच असतो. उलट तुमीच दिसत न्हाई.”

मी चपापले. “मी जरा मागच्या बाजूला बसते रे,” असं म्हणून फोन ठेवला. फरजाना म्हणाली, “दीदी, मैं तो सुबह सबसे पहले आती हूँ.” सगळ्यांनी असंच सांगितलं. मला एवढंच वाटलं की माझी चोरी पकडली गेली नाही म्हणजे मिळवली.

मंगळवारी ठेवणीतली साडी नेसून मी सकाळीच निघाले. तर ऑफिसच्या दारात दिगंबर उभा. पाठीवर बॅग, तोंड उघडं. त्याच्या मागं फरजाना, तिचंही तसंच. हळूहळू नऊच्या नऊ जण जमले आणि दारातच अडकले, कारण आत पाय ठेवायला जागा नव्हती.

आत काय होतं म्हणून सांगू! खुर्च्यांवर म्हाताऱ्या. खुर्च्यांच्या मध्ये गाठोडी, पिशव्या, एक नवीन पत्र्याची पेटी. उंच कट्ट्यावर कुणीतरी कांद्याचं पोतं उभं केलेलं. कूलरपुढं एक बाबा उघड्या अंगानं पाठ करून बसलेले, सदरा कुंडीवर वाळत घातलेला. खिडकीतून गंगाधर मामांचा हात आत येत होता आणि चहाचे कप पुढं पुढं सरकत होते.

“दिगंबर,” मी विचारलं, “ही माणसं कधीपासून येतात?”

“मला काय माहीत ताई?”

“तू रोज येतोस ना?”

तो चप्पल न्याहाळायला लागला. “मला ॲपवर लाल दिसायचं. वाटलं फरजाना आन् बाकीचे आले आसतील. म्हणून घरीच...”

“मुझे लगा दिगंबर है,” फरजाना म्हणाली.

आम्ही नऊजण एकमेकांची तोंडं बघत उभे. महिनाभर प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे आठ ऑफिसात आहेत! आणि सगळ्यांत मोठी शहाणी मी, जिनं हे भरलेलं ऑफिस बघून कंपनीला भाषण दिलं होतं.

“मामा!” मी खिडकीकडं धावले. “अहो, हे काय? हे ऑफिस आहे आपलं!”

मामा किटली घेऊन थबकले. “आफिस? आधी व्हतं ताई, पण मग मला वाटलं तुमच्या कंपनीनं त्याचा लोकांसाठी निवारा केला. पाटीबी तुमीच लावली ना? एवढाली माणसं उन्हात उभी, आन् पाटी म्हंती मोकळी खुर्ची दिसली की बसा. मग त्यायला कसं हाकलावं मी? आन् तुमच्यातलं त कोणी फिरकलंबी न्हाई!”

दिगंबरनं छाती पुढं काढली. “चला, उठा सगळे! ऑफिस हाय हे!”

कूलरपुढचे बाबा जागचे हलले नाहीत. “आफिस हाय त राहू दे की. भाईर काय लिवलंय ते वाच.”

“मला माहीत हाय काय लिवलंय.”

“मग वाच ना. मोठ्यानं वाच.”

दिगंबर बिचारा बाहेर जाऊन वाचून आला. शेवटचं ‘हुकमावरून’ त्यानं फार हळू म्हटलं. बाबा म्हणाले, “आता सांग, हुकूम मोठा का तू मोठा?”

माझ्या डोळ्यांसमोर पुण्याची खोली दिसायला लागली आणि नवऱ्यानं घातलेली ती वेणी. मी हात जोडले, “बाबा, एक तासभर तरी बाहेर थांबा हो. आमच्या मोठ्या मॅडम येऊन राहिल्यात.”

“येऊ द्या की,” पहिल्या खुर्चीवरच्या कौसाबाई म्हणाल्या. ही बाई म्हणजे पुढं माझ्या कथेतलं मुख्य पात्र होणार आहे, तिला लक्षात ठेवा. ठसठशीत कुंकू, तोंडात तंबाखू. “येऊ द्या तुमच्या बाईला. आमी सरकून बसू.”

आणि तेवढ्यात नांदेडहून आलेली गाडी दारात थांबली. मॅडम तासभर आधीच पोचल्या होत्या.

मॅडम आत आल्या. गर्दी बघून थबकल्या. मी तोंड उघडलं, म्हणायचं होतं खरं, आणि निघालं भलतंच. “या मॅडम! आज... आज जरा उपस्थिती चांगली आहे.”

मॅडमनी उघड्या अंगाच्या बाबांकडं पाहिलं. “हे?”

“हे सल्लागार आहेत.”

“कशाचे?”

बाबांनी मान वळवली. “इचारा की. सोयाबीनचं इचारा, हळदीचं इचारा.”

मॅडम भल्या बाई. त्यांनी विचारलं, “तुम्ही इथं किती वाजता येता?”

“सात वाजताच येतो. उशीर केला त कूलरपुढं जागा भेटंना.”

मॅडमच्या भुवया वर गेल्या. सात वाजता येणारा माणूस त्यांनी आजवर कंपनीत पाहिला नसावा. त्या काचेच्या खोलीकडं वळल्या. “आणि इथं फोनवर बोलतात ना?” असं म्हणत त्यांनी दाराला हात घातला, तर कौसाबाई ताडकन उठल्या.

“ओ बाई! आत न्हाई जायचं. माझी सून लेकराला पाजून राहिली.”

पडदा लावला होता ना मी! आतली खोली, पडदा, पंखा. आया-बायांनी तिचा बरोबर उपयोग ओळखला होता. खरं सांगू? अख्ख्या ऑफिसात तेवढी एकच जागा ज्याच्यासाठी हवी होती त्याला मिळाली होती.

मॅडमनी मोबाइल काढला. “शीतल, ॲपवर तर शंभर टक्के दिसतंय. मग आपली माणसं कुठली?”

मी काही बोलायच्या आत बाहेर हॉर्न वाजला. कुणीतरी ओरडलं, “हिंगोली! हिंगोली लागली!”

झालं! सगळं ऑफिस एकदम उठलं. गाठोडी उचलली गेली, पोतं खांद्यावर गेलं, बाबांनी कुंडीवरचा सदरा ओढला तशी कुंडीही खाली आली. पेटी दारातून निघेना म्हणून खिडकीतून गेली. कौसाबाई मला कोपरानं बाजूला सारून म्हणाल्या, “सरक बाई, गाडी जाईल!” काचेच्या खोलीतून सून लेकरू घेऊन पळाली. मी भिंतीला चिकटून उभी होते, साडीचा पदर कुणाच्यातरी पिशवीबरोबर दारापर्यंत जाऊन परत आला.

आणि सगळं शांत झालं. नुसता कूलर घुरघुरत होता.

मॅडमच्या हातातल्या मोबाइलवर सहाही खुर्च्या एका दमात हिरव्या झाल्या. शंभर टक्क्यांवरून शून्य. मॅडम एकदा मोबाइलकडं बघत होत्या, एकदा आम्हा नऊजणांकडं. आम्ही पाठीला बॅगा लावून, शाळेबाहेर काढल्यासारखे ओळीनं उभे होतो.

त्या हळूच जवळच्या खुर्चीवर बसल्या. बसतात न बसतात तोच खिडकीतून एक टॉवेल उडत आला आणि त्यांच्या मांडीवर पडला. बाहेरून आवाज आला, “ओ बाई, तेवढी जागा राहू द्या! वसमतच्या गाडीवाले हौत आमी!”

तिथं माझा बांध फुटला. मी सगळं सांगून टाकलं. रुमाल, पाटी, मे महिना, कुंडीचा फोटो, सगळं. “मॅडम, चूक माझी आहे. महिनाभर मी घरून काम केलं. मला पुण्याला जायचं नाही म्हणून हा सगळा खटाटोप केला आणि त्याचं असं झालं. माझी लेक लहान आहे. पण या आठ जणांना शिक्षा नको, मी एकटी येते पुण्याला.” बोलता बोलता नाक वाहायला लागलं आणि मी डोळे पुसायला हाताला लागेल ते घेतलं. तो वसमतवाल्याचा टॉवेल निघाला.

मॅडमनी मोबाइलवरच्या सहा हिरव्या खुर्च्या पुन्हा एकदा पाहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे महिनाभर नऊपैकी एकही माणूस ऑफिसला आला नाही?”

“नाही मॅडम.”

“आणि मला महिनाभर तुमच्या कामाची एकही तक्रार आलेली नाही.”

“...नाही मॅडम.”

“मग तुम्हाला ऑफिस कशाला पाहिजे?”

असं म्हणून त्या जी हसायला लागल्या! मामांनी खिडकीतून दिलेला चहा त्यांच्या हातात हिंदकळत होता. आणि तिथंच, कूलरपुढं बसून, त्यांनी सांगून टाकलं की आम्हा नऊजणांनी घरूनच काम करायचं, वर्षातून एकदा पुण्याला येऊन तोंड दाखवायचं. ऑफिसचा करार वर्षभराचा होता, तोवर खुर्च्या, कूलर आहे तसं लोकांना राहू द्या, म्हणाल्या. निघताना मला एवढंच बोलल्या, “शीतल, तुझ्या डिझाइननं आणली इतकी माणसं कंपनीत कुणीच आणली नव्हती.” हे कौतुक होतं की काय, मी आजवर ठरवू शकले नाही.

मी घरी धावत गेले. पिहूला उचलून घेतलं, तिचे पटापट मुके घेतले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, मग फजिती कसली, हे तर चांगलंच झालं. ऐका तर.

काही दिवसांनी घरी पाहुणे आले. आठ-दहा माणसं, लेकरं, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. आणि मला तातडीचं काम. घरात बसायला कोपरा मिळेना. मी लॅपटॉप उचलला. म्हटलं, आपलं ऑफिस आहे की! कूलर आहे, इंटरनेट आहे, एखादी खुर्ची मिळेलच. ज्या ऑफिसात जायला लागू नये म्हणून महिनाभर घरी दडून बसले, त्याच ऑफिसकडं मी आपल्या पायांनी भर उन्हात पळत निघाले.

गेले, तर आत गर्दी. पण कूलरसमोरची खुर्ची मोकळी! तिच्यावर एक फुलाफुलाचा रुमाल तेवढा पडलेला. मी तो उचलून बाजूला ठेवला आणि बसणार, तोच मागून आवाज आला. कौसाबाई.

“ओ बाई! रुमाल दिसंना का?”

“मावशी, पाटी वाचा ना,” मी म्हटलं. “रुमाल टाकून जागा धरू नये.”

“कुठं हाय तसं?”

मी बाहेर जाऊन पाहिलं. पाटीवरची बाकीची अक्षरं तशीच ठसठशीत होती. तेवढ्या एका वाक्यावर कुणीतरी चुना फासला होता. माझं ‘हुकमावरून’ मात्र राहू दिलं होतं.

मला असा राग आला! आत येऊन मी म्हटलं, “मावशी, हे सगळं मी केलंय. ही खिडकी, हा कट्टा, ही खुर्चीसुद्धा मीच आणली!”

कौसाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. रुमाल झटकून पुन्हा खुर्चीवर पसरला, त्यावर ऐसपैस बसल्या आणि म्हणाल्या, “केलं आसंन बाई. पण रुमाल टाकला व्हता का?”

उंच कट्ट्यापाशी, कांद्याच्या पोत्याशेजारी उभं राहून मी ते काम पूर्ण केलं. तेव्हापासून लॅपटॉपच्या बॅगेत मी चार्जर एखादवेळी विसरते, रुमाल मात्र दोन ठेवते.